पत्त्यावरील प्राणी आणि नावातील श्लेष

खेळाच्या पत्त्यांवर अद्भुत प्राणी चितारण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा रंगांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह त्यांवर अवतरतात. खेळणाऱ्याला पुराण आधीच ठाऊक असल्याने तेथे नावावर फारसा भार नाही. मासा दिसला की रंग कळतो. जपानमध्ये १९९६ साली प्रथम संगणकीय खेळ आणि त्याच वर्षी पत्त्यांचा खेळ म्हणून आलेल्या 'पोकेमॉन'मधील प्राण्यांच्या पाठीशी असे सर्वज्ञात पुराण नव्हते. परिचय करून देण्याचे काम नावावर आले, आणि नावाने ते श्लेषाच्या बळावर केले.

पाठीवर कंद वाहणाऱ्या 'फुशिगिदाने'चे उदाहरण घ्यावे. 'फुशिगि' म्हणजे विलक्षण, 'ताने' म्हणजे बी. समासात आरंभीच्या त-काराचा द-कार होतो. 'विलक्षण बी' हा झाला एक अर्थ. तेच ध्वनी 'फुशिगि दा ने' असे तोडले, तर 'नवलच आहे, नाही का' हे बोलीतले वाक्य हाती येते. आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत हा निखळ सभंग श्लेष होय.

समासात उत्तरपदाचे रूप पालटणे मराठीलाही अपरिचित नाही. बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजी या ग्रामनामात 'नगर'चे 'नेर' झाले आहे. जामनेर, अमळनेर यांतही तेच. पण ही वापराने आलेली झीज आहे; बोलणाऱ्याला आज तेथला सांधा जाणवतही नाही. जपानी नामकर्त्याने मात्र शब्द दोन ठिकाणी फुटेल असा मुद्दाम घडवला आहे. यामागे तेथील काव्याची जुनी सवय आहे. इ. स. ९०५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'कोकिनशू' या संग्रहात 'काकेकोतोबा' हा श्लेषसदृश अलंकार विपुल आढळतो. 'मात्सु' म्हणजे पाइन वृक्ष आणि 'मात्सु' म्हणजे वाट पाहणे, ही त्यातील नेहमीची जोडी.

इंग्रजीत फुशिगिदानेचा 'बल्बसॉर' झाला. कंद आणि डायनोसॉर यांच्या संकरात प्रतिमा टिकली, वाक्य गेले. सापाच्या बाबतीत अधिक साधले. जपानी 'आबो' उलटा वाचला की 'बोआ' हा अजगर निघतो. इंग्रजी अनुवादकाने 'स्नेक' उलटा करून 'एकान्स' केला. शब्द बदलून युक्ती राखणारा हा मार्गच सरस मानावा लागतो. 'पिकाचू' तसाच ठेवला गेला. त्यातील 'पिका' हा लखलखाटाचा अनुकरणशब्द, तर 'चू' हा उंदराचा आवाज. इंग्रजी कानाला यातले काही कळू नये. मराठी कानाला 'चूं चूं' आपसूक ओळखू येते.

सहा शेपट्यांचा कोल्हा 'रोकोन': 'रोकु' म्हणजे सहा आणि 'कोन' ही जपानीत कोल्ह्याची हाळी. त्याचेच पुढचे रूप 'क्यूकोन', म्हणजे नऊ शेपट्यांचा. इंग्रजी 'नाइनटेल्स'मध्ये शेपटी आणि कथा हे दोन्ही अर्थ वाजतात. मुळात नसलेला श्लेष येथे अनुवादाने दिला आहे. हा नऊ शेपट्यांचा कोल्हा जपानी कथापरंपरेतून आलेला. तोबा या सम्राटाच्या दरबारातील सुंदरी तामामो-नो-माए ही अशीच एक मायावी कोल्हीण. एदो काळातील कथाविस्तारात ती आधी चीनमध्ये, आणि भारतातही, हान्झोकु नावाच्या राजपुत्राची प्रिया म्हणून वावरलेली असते. 'हान्झोकु' म्हणजे ठिपकेदार पायांचा. महाभारताच्या आदिपर्वातला आणि बौद्ध कथांतला नरमांसभक्षक राजा कल्माषपाद तो हाच! नाव चीनमार्गे जपानला गेले ते ध्वनीने नव्हे, अर्थाने.

मराठी मुलांपर्यंत ही प्राणिसृष्टी हिंदी-इंग्रजीतून पोचली. म्हणजे फुशिगिदाने नव्हे, बल्बसॉरच पोचला. त्यामुळे ही नावे निरर्थक वाटतात आणि साहित्याचा अध्यापकही ती बालिश म्हणून बाजूस सारतो. वास्तविक श्लेष शिकवताना पंडितकवींच्या शेजारी ती खुशाल ठेवता येतील. मराठीत अशी नामरचना करू पाहणाऱ्यालाही सामग्रीची वाण नाही. 'यक्षिणी'ची जखीण झाली, 'अप्सरे'ची आसरा. पाणवठ्यावर माणसाला ओढून नेणारी आसरा आणि आश्रय या अर्थाचा आसरा आज एकाच उच्चारात नांदतात. हा श्लेष कोणी रचलेला नाही. एखाद्या पत्त्यावर तो अद्याप कोणी वापरावयाचा आहे.