यवतमाळ-वाशिमचा निकाल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कळंब तालुका विधानसभेच्या राळेगाव मतदारसंघात मोडतो आणि राळेगाव हा यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघाच्या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी एक आहे. या लोकसभा मतदारसंघात २०१९ मध्ये शिवसेनेच्या धनुष्यबाणावर लढलेल्या भावना गवळी १,१७,९३९ मतांनी विजयी झाल्या, तर २०२४ मध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाचे, मशाल चिन्हावर लढलेले संजय देशमुख यांनी धनुष्यबाणाच्या राजश्री पाटील यांचा ९४,४७३ मतांनी पराभव केला. यावरून लाखो मतदार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेले, असा निष्कर्ष सहज काढला जातो. आकडे मात्र त्याला दुजोरा देत नाहीत.

धनुष्यबाणाची मते ५,४२,०९८ वरून ५,००,३३४ वर आली, म्हणजे घट सुमारे ४२ हजारांची होती. उलट २०१९ मध्ये काँग्रेसचे माणिकराव ठाकरे यांना ४,२४,१५९ मते होती आणि २०२४ मध्ये काँग्रेसचा सहभाग असलेल्या आघाडीच्या देशमुखांना ५,९४,८०७ मिळाली, म्हणजे वाढ १ लाख ७० हजारांहून अधिक झाली. धनुष्यबाणाने गमावलेली सर्व मते मशालीला मिळाली असे मानले, तरी उरलेली सुमारे १ लाख २९ हजारांची वाढ इतर उमेदवारांच्या घटलेल्या मतांतून आणि वाढलेल्या मतदानातूनच आलेली असू शकते. निकाल फिरवण्यात विरोधी मतांचे एकत्रीकरण मतदारांनी बाजू बदलण्याइतकेच, किंबहुना अधिक, निर्णायक ठरले असावे, असे या आकड्यांवरून दिसते.

दुसरा समज असा की, या निकालाने मूळ शिवसैनिक कोणत्या गटाकडे गेला हे ठरले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. जागावाटपात ही जागा दोन्ही आघाड्यांनी शिवसेनेच्या दोन गटांना सोडल्याने २०२४ च्या मतदानयंत्रावर या मतदारसंघात भाजपचे कमळ नव्हते आणि काँग्रेसचा पंजाही नव्हता. भाजपचा मतदार धनुष्यबाणापुढचे आणि काँग्रेसचा मतदार मशालीपुढचे बटण दाबणार, अशीच दोन्ही आघाड्यांची अपेक्षा होती. एका चिन्हाखाली अशी अनेक पक्षांची मते एकवटली की त्यांची फोड निकालपत्रकातून करता येत नाही. केंद्रनिहाय आकडेवारीही केंद्राचा कल सांगते, व्यक्तीचा नाही. त्यासाठी मतदानोत्तर सर्वेक्षणाचाच आधार घ्यावा लागतो.

जागा आणि जनाधार यांत गल्लत करणे, हा राज्यपातळीवरचा गैरसमज अधिक दिशाभूल करणारा आहे. महाराष्ट्रात भाजपच्या जागा २३ वरून ९ वर आल्या, पण मतांचे प्रमाण सुमारे २७.८ टक्क्यांवरून २६.२ टक्क्यांवर, एवढेच उतरले. त्यातही २०१९ मध्ये पक्षाने २५ जागा लढवल्या होत्या आणि २०२४ मध्ये २८, हे लक्षात घेतल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही. सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो, अशा पद्धतीत थोडी मते सरकली तरी अनेक जागा फिरतात.

राळेगाव अनुसूचित जमातींसाठी राखीव असल्याने तेथे केवळ आदिवासीच मतदान करतात, हाही समज चुकीचा आहे. राखीव असते ती उमेदवारी, मतदान सर्वांचे असते.

लोकसभेचा कौलच विधानसभेत उमटतो, असेही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राळेगावात कमळ आणि पंजा समोरासमोर आले आणि भाजपचे अशोक उईके यांनी काँग्रेसचे वसंत पुरके यांचा तीन हजारांहून कमी मतांनी पराभव केला.