नाक्यापलीकडे ढकललेला धूर

मुंबईच्या मालवाहतुकीबद्दल गेल्या चाळीसेक वर्षांत अनेक मोठे निर्णय झाले. कधी गर्दी हटवायची होती, कधी जागा मोकळी करायची होती, कधी करपद्धत बदलायची होती. हवेसाठी म्हणून घेतलेले निर्णय त्यात थोडेच. तरीही आज शहराची हवा जशी आहे, त्यात या सगळ्यांचा वाटा आहे.

सुरुवात घाऊक बाजारांपासून करावी लागेल. मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट, भायखळा या भागांत ट्रक शिरले की गल्ल्या तुंबत. म्हणून बाजार खाडीपलीकडे वाशीला हलवायचे ठरले. 1980च्या दशकात कांदा-बटाटा गेला आणि 1996मध्ये भाजी-फळांचे आढतेही गेले. दक्षिण मुंबई थोडी मोकळी झाली, हे खरेच. पण नाशिकचा कांदा वाशीला उतरतो आणि दादरच्या मंडईसाठी पुन्हा टेम्पोत चढतो. मुंबईकरांच्या ताटातला कांदा तेवढाच राहिला, गाड्या मात्र वाढल्या. त्याच सुमारास, 1989मध्ये, न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरचे ट्रेलर उरण, पनवेल, कळंबोलीच्या वाट्याला आले.

जकातीची गोष्ट याहून मोठी. दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत. कागद तपासणार, मालाची किंमत ठरणार, त्यावरून वाद होणार. रांग इंचाइंचाने सरकायची, त्यामुळे चालक इंजिनही बंद करत नसत. नाक्याजवळ राहणाऱ्यांच्या खिडक्यांवर डिझेलची काजळी बसे. दुसरीकडे व्यापाऱ्यांनी जकातीच्या हद्दीबाहेर भिवंडीजवळ जागा शोधली. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या गावांतल्या भातखाचरांवर गोदामांचे पत्रे चढले. तिथे मोठ्या ट्रकमधून माल उतरायचा, लहान गाड्यांत भरायचा आणि गरजेपुरताच शहरात आणायचा. 2005मध्ये टाटांचा ‘छोटा हत्ती’ हा लहान टेम्पो आला आणि हे काम फारच स्वस्त झाले.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. वर्षाला सुमारे 7,000 कोटी रुपये देणारा हा कर पालिकेच्या तिजोरीचा कणा होता, म्हणूनच राज्यात इतरत्र तो आधी बंद होऊनही मुंबईत सर्वांत शेवटी सुटला. माझ्या मते गेल्या दशकात मुंबईच्या वेशीवरच्या हवेला सर्वाधिक दिलासा देणारा निर्णय हाच, आणि तो घेताना हवेचा विचार कोणी केला नव्हता. भिवंडी मात्र ओस पडली नाही. राज्याराज्यांत वेगळी गोदामे ठेवण्याची गरज संपली, ऑनलाइन खरेदी वाढली आणि तिथली गोदामे आणखी मोठी झाली.

दिवसा अवजड वाहनांना बंदी हा पोलिसांचा आवडता उपाय. गर्दीच्या वेळेपुरता तो लागूही पडतो. पण ट्रक नाहीसे होत नाहीत. बंदी उठेपर्यंत वेशीबाहेर थांबतात आणि रात्री निघतात. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच साचते, धूर वर जाऊन विरळ होत नाही. म्हणजे तितकाच धूर दिवसापेक्षा रात्री जास्त बाधतो. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना बंदराकडून गुजरातकडे जाणाऱ्या ट्रेलरांबद्दल विचारा. मुंबईची शिस्त त्यांच्या झोपेवर बेतली आहे.

इंधनाचीही हीच कथा. वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारे भारत स्टेज चार हे मानक मुंबईत 2010मध्ये आले, पण देशभर ते सक्तीचे व्हायला 2017 उजाडले. मधली सात वर्षे बाहेरगावचा ट्रक जुन्या इंजिनात जास्त गंधकाचे डिझेल घेऊन राजरोस शहरात येत होता. 2020मध्ये सहावा टप्पा एकदम सर्वत्र लागू झाला, हे शहाणपण उशिरा सुचले. पण ट्रक पंधरा वर्षे सहज चालतो, त्यामुळे जुनी इंजिने अजूनही रस्त्यावर आहेत.

ट्रेलर कमी करू शकेल अशी गोष्ट म्हणजे मालगाड्यांचा स्वतंत्र पश्चिम मार्ग. त्याचे उत्तरेकडचे टप्पे आधी धावू लागले आणि बंदराला जोडणारा वैतरणा ते न्हावा शेवा हा टप्पा सर्वांत मागे राहिला. ट्रेलर कमी होईपर्यंत निदान एवढे तरी व्हावे: ट्रकांच्या वेळा आणि वाटा ठरवताना मुंबईचे अधिकारी जिथे बसतात, तिथे भिवंडी, ठाणे आणि पनवेलच्या प्रतिनिधींनाही खुर्ची द्यावी.