मिररलेस कॅमेरा: हाताळणी आणि कार्यक्षमता

मिररलेस कॅमेरा हा लेन्स बदलता येणारा, परंतु आतील आरसा वगळलेला डिजिटल कॅमेरा आहे. डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन वरील लोलकामार्गे डोळ्यापर्यंत पोहोचतो. छायाचित्र घेताना आरसा उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेस कॅमेऱ्यात प्रकाश थेट सेन्सरवर पडतो व तेथील दृश्य इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये किंवा मागील पडद्यावर दिसते. या एका बदलाचा परिणाम वजन, पकड, फोकस आणि वीजवापर या सर्वांवर होतो. त्यामुळे डीएसएलआर सोडून मिररलेस कॅमेरा घेताना हाताळणीची सोय आणि कार्यक्षमता यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

पॅनासोनिक कंपनीने २००८ मध्ये ल्युमिक्स जी१ हा मायक्रो फोर थर्ड्स प्रणालीचा पहिला कॅमेरा आणला. सोनीने २०१३ मध्ये ए७ व ए७आर हे फुल-फ्रेम सेन्सरचे मिररलेस कॅमेरे सादर केले. २०१८ मध्ये निकॉनचे झेड६ व झेड७ आणि कॅननचा ईओएस आर बाजारात आले.

एक तुलना

निकॉनचा डी८५० (२०१७) हा डीएसएलआर आणि झेड७ (२०१८) हा मिररलेस कॅमेरा, दोन्ही ४५.७ मेगापिक्सेलचे असल्यामुळे त्यांची तुलना उद्बोधक ठरते.

• बॅटरी व कार्डासह वजन: डी८५० – १००५ ग्रॅम, झेड७ – ६७५ ग्रॅम
• फोकस बिंदू: डी८५० – १५३; झेड७ – ४९३
• एका बॅटरीवरील छायाचित्रे (सीपा मानकानुसार): डी८५० – १८४०, झेड७ – ३३०

कॅमेऱ्याचे वजन सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसते. मात्र ७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्स जोडल्यावर चित्र बदलते. डीएसएलआरसाठीची ही लेन्स सुमारे १४३० ग्रॅमची, तर झेड प्रणालीतील तीच लेन्स ट्रायपॉड कॉलरसह सुमारे १४४० ग्रॅमची आहे. एकूण भार २४३५ ग्रॅमवरून २११५ ग्रॅमवर येतो. म्हणजे बचत जेमतेम एक अष्टमांश उरते. आरसा काढल्याने कॅमेरा लहान होतो, परंतु मोठ्या सेन्सरसाठीच्या दूरपल्ल्याच्या वेगवान लेन्सचा आकार फारसा घटत नाही.

हाताळणी

हलक्या कॅमेऱ्याला जड लेन्स लावली की भारमध्य पुढे सरकतो आणि मनगटावर ताण येतो. अशा वेळी डाव्या हाताने लेन्सला खालून आधार देणे आवश्यक असते. उथळ किंवा आखूड पकडीवर करंगळीला जागा उरत नाही व उरलेल्या बोटांवर भार वाढतो. लहान पृष्ठभागावर बटणेही जवळजवळ येतात. हातमोजे घालून काम करणाऱ्यास त्याची अडचण होते.

उत्पादकांनी पुढील काळात या बाबींत सुधारणा केल्या. सोनीने ए७ मालिकेच्या तिसऱ्या पिढीत फोकस बिंदू हलवण्यासाठी जॉयस्टिक व मोठी बॅटरी दिली आणि ए७आर ४ (२०१९) मध्ये पकड अधिक खोल केली. कॅननने ईओएस आरवरील स्पर्शपट्टी ईओएस आर५ (२०२०) मध्ये वगळून जॉयस्टिक आणली. निकॉनचा झेड९ (२०२१) अंगभूत उभ्या पकडीसह १३४० ग्रॅमचा, म्हणजे डी८५० पेक्षाही जड आहे. मिररलेस म्हणजे हलका, असे समीकरण त्यामुळे सर्वत्र लागू पडत नाही.

कार्यक्षमता

सेन्सर सतत कार्यरत असल्यामुळे फोकस बिंदू चौकटीच्या कडांपर्यंत पसरवता येतात आणि चेहरा, डोळा किंवा पक्षी ओळखून त्यांचा माग ठेवता येतो. प्रकाशमानातील बदल छायाचित्र घेण्यापूर्वीच दिसतो. इलेक्ट्रॉनिक शटरमुळे निःशब्द चित्रणही शक्य होते.

याच वैशिष्ट्याची दुसरी बाजू म्हणजे वाढलेला वीजवापर. सीपाची चाचणी ठरावीक क्रमाने होत असल्याने प्रत्यक्षात, विशेषतः सलग छायाचित्रे घेताना, अधिक छायाचित्रे मिळू शकतात. तरीही दिवसभराच्या कामासाठी जादा बॅटऱ्या बाळगणे इष्ट ठरते. तसेच बहुतेक सेन्सर ओळीओळीने वाचले जात असल्याने इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना वेगवान वस्तू तिरकी दिसू शकते. झेड९ मधील सेन्सर इतक्या वेगाने वाचला जातो की त्यात यांत्रिक शटर ठेवलेलेच नाही.

लेन्स आणि ॲडॅप्टर

लेन्सचे बूड आणि सेन्सर यांतील अंतर निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी, तर झेड माउंटमध्ये १६ मिमी आहे. उरलेल्या जागेत ॲडॅप्टर बसवून जुन्या लेन्स वापरता येतात. मात्र निकॉनच्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्ये फोकस मोटर नसल्याने स्वतःची मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्सवर फोकस हातानेच करावा लागतो. ॲडॅप्टरचे सुमारे १३५ ग्रॅम वजनही लेन्सच्या पुढे झुकणाऱ्या भारात मिळते.

निवडीचे निकष

प्रवासात लहान लेन्स वापरणाऱ्यास घटलेल्या वजनाचा पुरेपूर लाभ होतो. वन्यजीव किंवा क्रीडा छायाचित्रकारास मिळणारा लाभ मुख्यतः फोकस व वेगाचा असतो, वजनाचा नव्हे. ज्याच्याकडे जुन्या मोटरविरहित लेन्स आहेत, त्याला कॅमेऱ्याच्या किमतीत नव्या लेन्सचा खर्चही धरावा लागतो. म्हणून नेहमीची सर्वांत जड लेन्स जोडून, काही काळ डोळ्यापाशी धरून आणि बटणांकडे न पाहता फोकस बिंदू हलवून केलेली चाचणी तांत्रिक तपशिलांच्या तक्त्याइतकीच महत्त्वाची असते.