टाकी निघाली, पेट्रोल निघाले का?

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगर येथे वादळात एक अवाढव्य जाहिरात-फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे दगावली. फलकाचा लोखंडी सांगाडा कापायला बचाव पथकाला गॅस कटर वापरता येईना. ठिणगीने पेट्रोलची वाफ पेटण्याची भीती होती! आपल्या पायांखाली केवढे इंधन साठवलेले असते, हे त्या दिवशी अनेकांच्या ध्यानी आले.

पंपाच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात. टाकी जुनी झाली किंवा पंप बंद झाला की ती उकरून काढतात. पण गंजलेल्या टाकीतून किंवा नळाच्या सांध्यातून वर्षानुवर्षे थेंब थेंब पाझरलेले पेट्रोल टाकीबरोबर वर येत नाही. मग ते असते कोठे?

त्याचे चार भाग होतात. काही मातीच्या कणांना चिकटते, काही वाफ होऊन कणांमधल्या पोकळीत शिरते, काही भूजलावर तरंगते (पेट्रोलची घनता पाण्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश असते) आणि थोडेसे पाण्यात विरघळते.

हा ‘थोडेसे’ भागच घातक. पेट्रोलमध्ये बेंझीन असते. त्यामुळे कर्करोग होऊ शकतो. भारतात पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. म्हणजे एक लिटरमध्ये १० मिलिलिटर, वजनाने ८.८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त बेंझीन नसावे. आता भागाकार करा. ते सगळे विरघळले, तर एक लिटर पेट्रोल ८ लाख ८० हजार लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचवील. दहा हजार लिटरचे ८८ टँकर! उपनगरांतील विहिरी व बोअर यांचे पाणी टँकरने इमारतींना पुरवले जाते. एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी काही दिवस काम थांबवताच त्याची किंमत सर्वांना कळली.

तपासणी कशी करतात? खड्ड्याच्या तळातील, बाजूंची आणि नळांच्या सांध्यांखालील माती घेतात. तिच्याजवळ एक छोटे उपकरण धरतात. त्यात जंबुपार किरणांचा दिवा असतो. त्याच्या प्रकाशकणाची ऊर्जा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. बेंझीनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास ९.२४ पुरतात, पण हवेतील ऑक्सिजनला १२ आणि नायट्रोजनला १५.६ लागतात. म्हणून हवा तटस्थ राहते, बेंझीनचे आयन बनतात आणि विद्युतप्रवाह वाहतो. जिथे काटा हलतो, तिथली माती प्रयोगशाळेत जाते. पाण्याचा नमुना काठोकाठ भरून, बुडबुडा न ठेवता, बर्फात नेतात. नाहीतर बेंझीन वाटेतच उडून जाते.

पाणी कोणीकडे वाहते हे कळण्यासाठी एका रेषेत नसलेल्या तीन ठिकाणी बोअर घेऊन पाण्याची उंची मोजतात. तीन बिंदूंनी एक प्रतल ठरते. त्याचा उतार जिकडे, तिकडे पाणी. परंतु आपल्याकडे मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा बेसाल्ट खडक आहे. खडकात पाणी भेगांच्या वाटेने जाते, आणि भेग उताराला बांधलेली नसते. म्हणून तीन बोअरवर थांबून चालत नाही.

एकदाच तपासूनही चालत नाही. का, ते घरी पाहा. काचेच्या ग्लासात वाळू भरा, निम्म्यापर्यंत पाणी आणि वर चमचाभर हळद घातलेले खाद्यतेल ओता. (पेट्रोल किंवा रॉकेल मुळीच घेऊ नका.) मग ग्लासच्या तळापर्यंत खोचलेल्या नळीने पाणी हळूहळू ओढून घ्या. तेलाची पातळी खाली जाईल, पण वाळूवर पिवळा पट्टा मागे राहील. आपल्या जमिनीत दर उन्हाळ्यात भूजल उतरते आणि पावसाळ्यात चढते, तेव्हा नेमके हेच घडते. उन्हाळ्यात स्वच्छ वाटलेले पाणी पावसाळ्यात त्या पट्ट्याला पुन्हा भिडते.