सहा टायरची गाडी चार टायरवर : बचतीचा हिशेब आणि भाराचे गणित

तंजावर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ऑक्टोबर महिना शेतकऱ्याला दुहेरी घाईचा असतो. कुरुवै हंगामातील भाताची कापणी आटोपत आलेली असते आणि त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस दाराशी येऊन उभा राहतो. तमिळनाडू नागरी पुरवठा महामंडळाच्या थेट खरेदी केंद्रांवर भात ४० किलोच्या पोत्यांत मोजले जाते आणि त्यातील ओलाव्याची सर्वसाधारण मर्यादा १७ टक्के असते. एखादी सर वाटेत गाठली, तरी मालाचा भाव आणि स्वीकार दोन्ही धोक्यात येतात. अशा वेळी खळ्यापासून केंद्रापर्यंत माल नेणारी छोटी मालमोटार चिखलात रुतली, तर एका दिवसाच्या विलंबाची किंमत मोठी असते.

मागे जोडटायर असलेल्या, म्हणजे बोलीभाषेत सहा टायरच्या गाडीची मागची दोन चाके काढून ती चार टायरवर चालवावी काय, हा प्रश्न अशाच परिस्थितीत पुढे येतो. दोन टायरांचा खर्च वाचेल, बांधावरची चिंचोळी वाट सोपी होईल, चिखलात चाक अडकणार नाही, असा त्यामागचा विचार असतो. त्यातील काही भाग खरा आहे. परंतु मागच्या टायरांची संख्या ही गाडीची स्वतंत्र, हवी तेव्हा बदलता येणारी गोष्ट नाही. भार, हब, बेअरिंग, ब्रेक, तोल आणि नोंदणी प्रमाणपत्र या सर्वांचा हिशेब तिच्याशी बांधलेला असतो. म्हणून हा बदल करण्यापूर्वी प्रत्येक कडी तपासून पाहणे आवश्यक ठरते.

जोडटायर कशासाठी?

पुण्यातील कारखान्यातून १९८६ मध्ये बाजारात आलेली टाटा ४०७ ही भारतातील सहा टायरच्या छोट्या मालमोटारीची सर्वपरिचित प्रतिनिधी होय. पुढे दोन आणि मागे प्रत्येक बाजूला दोन, अशी तिची रचना असते. मालमोटारीत भाराचा मोठा वाटा मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. तो चार टायरांवर विभागला की प्रत्येक टायरवरील ताण कमी होतो. सहाही टायर एकाच मापाचे ठेवता येतात आणि एकच स्टेपनी पुढे-मागे कोठेही चालते. मागचा एक टायर पंक्चर झाला, तरी शेजारचा टायर गाडीला लगेच कलंडू देत नाही. रुंद पायामुळे वळणावर तोलही बरा राहतो.

याचा लाभ रस्त्यालाही होतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध रस्ते चाचणीतून एक ढोबळ नियम पुढे आला. त्यानुसार अ‍ॅक्सलवरील भार दुप्पट झाला, तर रस्त्याची झीज सुमारे सोळा पट वाढते. भार जितक्या अधिक टायरांवर पसरेल, तितका रस्ता अधिक टिकतो. त्यामुळेच अ‍ॅक्सलवरील भाराची कायदेशीर कमाल मर्यादा ठरवताना त्यावर किती टायर आहेत, हे पाहिले जाते. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांपर्यंत वाढवली. हा आकडा मोठ्या मालमोटारींसाठीचा असला, तरी टायरांची संख्या आणि भार यांचे नाते त्यातून स्पष्ट होते.

एकेरी चाकाची बाजू

एकेरी चाकाच्या बाजूनेही सबळ कारणे आहेत. कावेरीच्या खोऱ्यातील काळी चिकण माती ओली झाली की जोडटायरांच्या मधल्या फटीत घट्ट बसते. खडीच्या रस्त्यावर त्याच फटीत दगड अडकतो आणि दोन्ही टायरांच्या बाजू कापतो. आतल्या टायरची हवा तपासणे अवघड असल्याने तो कमी हवेवर चालत राहतो. मग त्याच्या वाट्याचा भारही बाहेरच्या टायरवर पडतो. ओल्या वाटेवर पुढची चाके एक चाकोरी पाडतात. मागची एकेरी चाके त्याच चाकोरीतून जाऊ शकतात, तर जोडटायरांना चाकोरीच्या कडेची माती नव्याने दाबत जावे लागते. भारतीय लष्कराच्या ‘स्टॅलियन’ या चारही चाकांना जोर मिळणाऱ्या मालमोटारीला मागे एकेरी, दणकट टायर असतात, त्यामागे रस्ता सोडून चालण्याचा हाच विचार आहे.

मात्र ती गाडी मुळातच एकेरी चाकांसाठी घडवलेली असते. तिचा अ‍ॅक्सल, रिम, टायर आणि भारमर्यादा एकमेकांशी जुळवून ठरवलेल्या असतात. सहा टायरच्या गाडीचे दोन टायर उतरवल्याने तशी गाडी तयार होत नाही.

टायरवरचे दोन आकडे

टायरच्या बाजूवर मापाशेजारी भारनिर्देशांक छापलेला असतो. मालमोटारीच्या टायरवर तो बहुधा जोडीने येतो. उदाहरणार्थ, १२२/११८. पहिला आकडा टायर एकेरी वापरल्यास किती भार पेलेल हे सांगतो आणि दुसरा जोडीत वापरल्यास किती, ते सांगतो. प्रमाणित तक्त्यानुसार १२२ म्हणजे १,५०० किलो आणि ११८ म्हणजे १,३२० किलो. जोडीतील दोन टायर नेहमीच समसमान भार उचलत नाहीत आणि त्यांच्यामधील हवा कमी खेळते, म्हणून जोडीतील प्रत्येकी क्षमता कमी धरतात.

या उदाहरणात चार टायरांची एकूण क्षमता ५,२८० किलो होते. दोन एकेरी टायरांची क्षमता ३,००० किलो. फरक २,२८० किलोंचा, म्हणजे भाताच्या ४० किलोच्या ५७ पोत्यांचा. हा हिशेब केवळ टायरांचा आहे. शिवाय उरलेल्या ३,००० किलोंतून गाडीच्या स्वतःच्या वजनाचा मागच्या अ‍ॅक्सलवर पडणारा वाटा वजा करावा लागतो. शिल्लक राहील तेवढाच माल मागच्या टायरांच्या भरवशावर नेता येतो. प्रत्यक्ष मर्यादा अ‍ॅक्सल, हाउसिंग, पाटे आणि नोंदणी प्रमाणपत्रातील आकडा यांपैकी जी सर्वांत कमी असेल, ती असते. चार टायर केल्यावरही पूर्वीइतकीच पोती भरली, तर वाचलेल्या दोन टायरांचा भार उरलेल्या दोन टायरांवर येतो. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर अतिभार सोसणारा टायर फुटणे ही असंभव गोष्ट नव्हे. आणि या वेळी सावरून धरायला शेजारी दुसरा टायरही नसतो.

रिम आणि बेअरिंग

दुसरी अडचण डोळ्यांना सहज दिसत नाही. जोडटायरांच्या रिमला, ज्याला चालक ‘डिस्क’ म्हणतात, खोल खोबण असते. आतली डिस्क एका दिशेने आणि बाहेरची तिच्या उलट दिशेने बसते. त्यामुळे दोन्ही टायरांचा मध्य हबच्या बसण्याच्या पृष्ठभागाजवळ येतो आणि भार हबमधील दोन बेअरिंगांवर ठरल्याप्रमाणे विभागला जातो.

बाहेरचा टायर काढून फक्त आतला ठेवला, तर प्रत्येक बाजूने गाडीचा पाया अर्ध्या टायरहून थोडा अधिक आत सरकतो. आतला टायर काढून बाहेरचा ठेवला, तर भार बाहेर सरकतो आणि बाहेरच्या बेअरिंगवर व स्टडवर वाढीव पीळ येतो. दोन्ही प्रकारांत एक डिस्क कमी झाल्याने स्टडची लांबी आणि नटांची पकड बदलते. जोडचाकांसाठीचे नट एका डिस्कवर पुरेसे कसले जातीलच, असे नाही. योग्य बदलासाठी एकेरी वापराकरिता घडवलेली, योग्य खोबणीची डिस्क, तिला साजेसा अधिक क्षमतेचा टायर आणि त्याला जुळणारे नट आवश्यक असतात. मागच्या टायरचा व्यास वेगळा झाला, तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो आणि पुढे-मागे चालणारी एकच स्टेपनी उरत नाही.

पेंढ्याचा फसवा भार

भातकापणीनंतर याच गाड्यांवर पेंढा वाहून नेला जातो. पेंढ्याचे वजन तुलनेने कमी असते. त्यामुळे एकेरी चाकांवर तो चालेल, असे वाटते. परंतु पेंढा उंच रचला जातो आणि गुरुत्वमध्य वर जातो. पाया अरुंद झालेली गाडी कालव्याच्या बांधावर एका बाजूला थोडी झुकली, तरी तोल जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे वजनाच्या दृष्टीने हलका भारही तोलाच्या दृष्टीने जड ठरू शकतो. केवळ टायरांची क्षमता पाहून घेतलेला निर्णय येथे अपुरा पडतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. मालवाहू वाहनाच्या नोंदणीत प्रत्येक अ‍ॅक्सलवरील टायरांची संख्या, माप आणि अ‍ॅक्सलनिहाय वजन यांचा समावेश असतो. त्यामुळे सहाचे चार टायर करणे हा किरकोळ सजावटीचा बदल ठरत नाही. केरळमधील प्रकरणांवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे संरचनात्मक बदल अनुज्ञेय नसल्याचे स्पष्ट केले.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मर्यादेपेक्षा अधिक माल भरल्यास कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. त्या तपासणीत नोंद आणि वास्तव यांतील फरक उघड होऊ शकतो. अपघात झाल्यास विम्याचा दावाही वादात सापडू शकतो.

या नियमांमागे तांत्रिक कारण आहे. वाहनाच्या प्रतिरूपाला बाजारात येण्यापूर्वी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया यांसारख्या अधिकृत चाचणी संस्थांकडून मान्यता घ्यावी लागते. ब्रेक आणि वजन यांची तपासणी ठरावीक चाकरचनेवर झालेली असते. रचना बदलली, की त्या तपासणीचा आधार गाडीमागे उरत नाही.

पर्याय कोणते?

ज्याला मुख्यतः कमी माल घेऊन अरुंद वाटेने जायचे आहे, त्याच्यासाठी मुळातच चार टायरची गाडी अधिक योग्य ठरते. २००५ मध्ये आलेली टाटा एस, २०११ मध्ये आलेली अशोक लेलँड दोस्त आणि महिंद्रा बोलेरो पिकअप ही त्याची परिचित उदाहरणे. त्यांचा अ‍ॅक्सल, डिस्क आणि भारमर्यादा एकेरी चाकांसाठीच ठरवलेल्या असतात. जुनी सहा टायरची गाडी विकून अशी गाडी घेणे महागडे वाटले, तरी त्यातील खर्च आधीच कळतो.

सहा टायरची गाडीच ठेवायची असल्यास काही साध्या सवयी पुष्कळ नुकसान टाळतात. जोडीतील दोन्ही टायर एकाच व्यासाचे आणि सारख्या झिजेचे असावेत. आतल्या टायरची हवा मोजण्यासाठी वाल्व्हला जोडनळी बसवता येते. शेतातून निघाल्यावर फटीतील माती व दगड काढूनच डांबरी रस्त्यावर यावे. ओल्या शेतातून बांधापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉलीने माल आणून तेथून मालमोटारीत भरणे, हा त्रिभुज प्रदेशासारख्या ठिकाणी सर्वांत सोपा तोडगा होय. त्यात मजुरी थोडी वाढते. परंतु गाडी रुतून पोती भिजण्याचा धोका टळतो.

तरीही बदल करणे अपरिहार्य वाटत असेल, तर क्रम उलटा ठेवू नये. प्रथम निर्मात्याचे अधिकृत सेवा केंद्र आणि प्रादेशिक परिवहन कार्यालय यांच्याकडे लेखी विचारणा करावी. अनुमती मिळत नसेल, तर गॅरेजमध्ये पाना उचलण्याचे कारण राहत नाही. अनुमतीवाचून केलेल्या बदलानंतर रस्त्यावर काही घडले, तर त्याची जबाबदारी गॅरेजची नव्हे, मालकाची ठरते.

दोन टायरांची किंमत सहज मोजता येते. त्यांनी पेललेला भार मात्र ते काढल्यानंतरच जाणवतो. ज्या भाताला केंद्रावर पोहोचण्यापूर्वी पावसापासून वाचवायचे आहे, त्याला वाहून नेणाऱ्या गाडीबाबत हा अनुभव रस्त्यावर घेण्यापेक्षा कागदावर हिशेब करून घेतलेलाच बरा.