वहिनींची पुरणपोळी

आमच्या भिशीत एक वहिनी होत्या. नाव नको. त्या आल्या की घर कसं भरून जायचं! पहिल्याच महिन्यात मला म्हणाल्या, "तुझ्यासारखी हुशार बाई या गावात शोधून सापडायची नाही गं." सासरी पंधरा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मी विरघळलेच.

मग चारचौघींत टोमणे सुरू झाले. वाईट वाटलं म्हटलं, की "तू फारच मनाला लावून घेतेस बाई!" फक्त त्यांनाच सांगितलेली घरातली गोष्ट भिशीभर झाली. विचारलं, तर म्हणाल्या, "मी? तूच कुठेतरी बोलली असशील." आणि मी खरंच आठवत बसले, कुणाकडे बोलले म्हणून! आठ-आठ दिवस अबोला, आणि मग अचानक दारात पुरणपोळ्यांचा डबा. मी पुन्हा खूश. "कशाला जातेस तिकडे?" हे विचारायचे. माझ्याकडे उत्तर नसायचं.

उत्तर सापडलं लेकीच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात. स्किनर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दाणा. दर वेळी दाणा मिळणारं कबूतर, दाणे बंद झाले की थोड्याच वेळात नाद सोडतं. पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर ते दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहतं. जुगाऱ्याचं हेच होतं म्हणे. अगंबाई, आणि माझं?

'तूच बोलली असशील' यालाही नाव आहे, गॅसलायटिंग. १९३८ सालच्या 'गॅस लाइट' या इंग्रजी नाटकावरून पडलेलं. त्यातला नवरा वस्तू लपवतो आणि तूच हरवल्यास, तुझंच डोकं फिरलंय, असं बायकोला पटवत राहतो.

भिशी सोडता येते. पण असा माणूस घरातच असला तर? मारत नाही, मग तक्रार कसली, असं आपल्याला वाटतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मात्र मारहाणीबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळही धरला आहे. हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

गेल्या संक्रांतीला वहिनी आल्या. "तुझ्यावाचून करमत नाही गं." मी तिळगूळ दिला, चहा ठेवला. घरातलं मात्र अक्षर काढलं नाही. त्या गेल्यावर दिवसभर चुटपुट लागून राहिली होती, हेही सांगून टाकते.