परराज्यातील जुनी मोटार : ताबा, मालकी आणि काही रूढ समजुती

नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिमेस गुजरात आणि उत्तरेस नर्मदेपलीकडे मध्य प्रदेश असल्यामुळे येथील माणसाचा बाजारहाट, सोयरीक आणि रोजगार यांना राज्याच्या सीमारेषेने फारसे कधी अडविलेले नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकात तर एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत मोडतो, आणि गाडीची वाट पाहणारा उतारू आपण कोणत्या राज्यात उभे आहोत याची विचारपूसही करीत नाही. अशा मुलखातील माणसाला जुनी मोटार घ्यावयाची झाली की त्याची दृष्टी सुरतेकडे वळावी हे स्वाभाविकच होय, आणि आता भ्रमणध्वनीवर छायाचित्रे पाहून दिल्लीची मोटार घेण्यापर्यंतही मजल गेली आहे. या व्यवहाराची सर्वांत मोठी भीती लोकांना अंतराची वाटते. वस्तुतः मोटार कितीही दुरून सुखरूप आणता येते. फसगत होते ती मोटार दाराशी उभी राहिली म्हणजे ती आपली झाली, या समजुतीमुळे.

या समजुतीचे मूळ आपल्या जुन्या व्यवहारात आहे. रोख रक्कम मोजली, मुद्रांकित कागदावर करार लिहिला, नोटरीचा शिक्का उमटला, किल्ली हाती आली, की खरेदी पुरी झाली असे मानण्याची आपली रीत आहे. परंतु मोटारीच्या बाबतीत 1988 च्या मोटार वाहन कायद्याने अपघातापुरते ‘मालक’ या पदास नोंदवहीशी जखडून टाकले आहे : ज्याचे नाव परिवहन कार्यालयाच्या दफ्तरी आहे तो मालक, आणि मोटार तारण ठेवलेली वा भाडेकराराने दिलेली असल्यास ती ज्याच्या ताब्यात आहे तो. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात 2018 साली सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका हाच प्रश्न आला होता. मोटार एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास अशी हातोहात विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावे राहिली होती, आणि मध्यंतरी अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच पडते, असा निर्णय न्यायालयाने दिला; अपघातात सापडलेल्या माणसाने अथवा त्याच्या वारसांनी मोटारीच्या खरेदीविक्रीची साखळी शोधीत हिंडावे ही अपेक्षा न्याय्य नव्हे, हे त्यामागील कारण मला सर्वस्वी योग्य वाटते. नोंद न बदलण्याची हेळसांड घेणाऱ्याची असली तरी तिची झळ विकणाऱ्यास लागते, आणि घेणाऱ्याच्या हाती मात्र ज्या वस्तूचा मालक दफ्तरी दुसराच आहे अशी वस्तू उरते.

दुसरा गैरसमज बारा महिन्यांचा आहे, आणि त्यात अर्धे सत्य असल्यामुळे तो अधिक घातक ठरतो. ‘गुजरातची पाटी महाराष्ट्रात वर्षभर चालते’ असे जो तो सांगतो. कायद्याच्या कलम 46 प्रमाणे एका राज्यातील नोंद साऱ्या भारतात ग्राह्य असते, आणि कलम 47 प्रमाणे मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, हे खरेच आहे. केवळ परराज्याची पाटी दिसली एवढ्यावरून सीमेवर कोणी दंड करू शकत नाही. परंतु ही सवलत स्वतःचीच मोटार घेऊन स्थलांतर करणाऱ्यास उपयोगी. ज्याने मोटार विकत घेतली त्याच्यावर कलम 50 ची स्वतंत्र मुदत सुरू होते : हस्तांतरणाची खबर त्याने तीस दिवसांच्या आत आपल्या भागातील नोंदणी अधिकाऱ्यास दिली पाहिजे. एका कलमातील वर्ष आणि दुसऱ्या कलमातील महिना यांची गल्लत करून कित्येक जण अकरा महिने स्वस्थ बसतात, आणि मग विकणाऱ्याचा ठावठिकाणा, त्याची सही आणि त्याची इच्छा या तिन्ही गोष्टी एकदमच दुर्मीळ झाल्याचे त्यांच्या अनुभवास येते.

आता नाहरकत प्रमाणपत्राविषयी. हे प्रमाणपत्र मूळ राज्यातील कार्यालयाने नमुना 28 वर द्यावयाचे असते, आणि ‘महाराष्ट्रासाठी’ असा मोघम उल्लेख त्यात चालत नाही. मोटार ज्या कार्यालयाकडे जावयाची त्याचे नाव त्यात असते. शहाद्याच्या वा तळोद्याच्या माणसाने म्हणूनच ते नंदुरबारच्या, म्हणजे एमएच 39 च्या, नावे मागितले पाहिजे. नंदुरबार धुळ्यातून निघून स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी; त्याआधीच्या सवयीने अजूनही धुळ्याच्या एमएच 18 चे नाव तोंडी येते, आणि भलत्या कार्यालयाच्या नावाने आलेला कागद दुरुस्तीसाठी परत धाडावा लागला तर हेलपाटा ठरलेलाच. मोटारीवर कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा नमुना 35 आल्यावाचून दफ्तरातील तारणाचा बोजा उतरत नाही. ‘हप्ते फिटले आहेत’ हे विकणाऱ्याचे तोंडी आश्वासन येथे निरुपयोगी आहे. हस्तांतरणाच्या नमुना 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या, आणि चासी क्रमांकाचा पेन्सिलीने घासून उमटविलेला ठसा, ही सामग्री मोटार हलण्यापूर्वीच हातात असावी. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर 1 एप्रिल 2023 पासून जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यास परिवहन कार्यालयाची सनद घ्यावी लागते आणि मोटार ताब्यात आल्याची वर्दी नमुना 29 ग वर, ज्यास सर्वत्र ‘29 सी’ म्हणतात, द्यावी लागते. ती सनद पाहण्यास मागावी. मागण्यात संकोच कसला?

कराची गोष्ट अनेकांना अन्यायाची वाटते. ‘गुजरातेत आजीवन कर भरला आहे, मग पुन्हा कशाला?’ हा प्रश्न मी नेहमी ऐकतो, आणि त्यामागील त्रागा मला समजतो. तथापि आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरील कर हा राज्यसूचीचा, 57 व्या नोंदीचा, विषय आहे. म्हणून ‘आजीवन’ हा शब्द त्या त्या राज्यापुरताच खरा असतो. महाराष्ट्रात मोटारीचे वय आणि मूळ किंमत पाहून कर आकारला जातो, यास्तव पहिल्या खरेदीचे बीजक मागून घेणे अगत्याचे आहे. उरलेल्या काळाचा परतावा मूळ राज्याकडे मागता येतो, पण अर्ज बहुधा नोंदणीकृत मालकाच्या नावाने आणि मोटार दुसऱ्या राज्यात नोंदल्याचा पुरावा जोडून करावा लागतो, म्हणजे नामांतर झाल्यानंतरही विकणाऱ्याशी संबंध राहतो. तो परतावा कोणाचा, हे इसार देतानाच कागदावर आणावे. सप्टेंबर 2021 पासून सुरू झालेल्या ‘बीएच’ क्रमांकांच्या मालिकेकडे यावरचा रामबाण उपाय म्हणून बोट दाखविले जाते. ती मालिका संरक्षण दल, सरकारी सेवक आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी संस्थांचे नोकर यांच्यासाठी आहे. शेतकऱ्याने वा दुकानदाराने तशी मोटार घेतली तर त्यास साधा क्रमांक घेणे भागच आहे.

जुन्या मोटारीच्या प्रत्येक विक्रीवर जीएसटी लागतो, ही अफवा थोडक्यात निकालात काढता येईल. जानेवारी 2025 पासून जुन्या मोटारींवर 18 टक्के कर बसला तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर. एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थास आपली मोटार विकली तर त्यावर तो लागू नाही.

विमा हा मात्र सविस्तर बोलण्याजोगा विषय आहे. ‘मोटारीचा विमा जानेवारीपर्यंत आहे’ असे विकणारा सांगतो, आणि घेणारा निश्चिंत होतो. कलम 157 प्रमाणे मालकी बदलली की तिसऱ्या पक्षाविषयीचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते, आणि त्याने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावयाचा असतो. परंतु स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचे संरक्षण असे आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ प्रकरणात स्पष्ट केले आहे; आणि दावा न केल्याबद्दल मिळालेली सूट तर विकणाऱ्याची वैयक्तिक मिळकत होय, ती मोटारीबरोबर येत नाही. या नियमाचा वाहतुकीशी जो संबंध आहे तो फार थोड्यांच्या ध्यानात येतो. सर्वंकष विम्याच्या प्रचलित अटींत रस्त्याने वा रेल्वेने मोटार नेली जात असताना होणारी हानीही समाविष्ट असते. म्हणजे मालवाहू ट्रकवर चढलेली मोटार विम्याच्या छत्राबाहेर गेली हा समज खरा नव्हे. पण पैसे देऊन झाले आहेत, विमापत्रावर नाव जुन्या मालकाचे आहे, आणि मोटार वाटेत ठोकली गेली, अशा वेळी ज्याचे नाव आहे त्याचे नुकसान झालेले नसते आणि ज्याचे नुकसान झाले त्याचे नाव नसते. म्हणून एक तर नावबदल आधी करावा, नाही तर प्रवासापुरता निराळा विमा घ्यावा. अन्य मार्ग नाही.

‘वाहतूक कंपनी जबाबदार आहेच की’ असे यावर म्हटले जाते. 2007 च्या रस्ता वाहतूक कायद्याने वाहतूकदाराची जबाबदारी ठरविली आहे खरी. परंतु माल पाठविणाऱ्याने अधिक मूल्य लेखी घोषित केले नसेल तर ती भाड्याच्या दसपटीपुरतीच राहते, आणि मोटारीच्या किमतीपुढे ही रक्कम किती तोकडी ते ज्याने त्याने हिशेब करून पाहावे. बिल्टीवर मोटारीचे मूल्य, मीटरचा आकडा आणि आधीचे ओरखडे यांची नोंद करून घ्यावी. मीटरच्या आकड्याने मोटार वाहून आणली की हाकीत आणली याचाही उलगडा होतो. नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदविल्याच्या दिवसापासून 180 दिवसांत दिली नाही तर दावाच चालत नाही. फास्टॅग काढून ठेवावा, अन्यथा ट्रकवर बसलेल्या मोटारीचाही टोल वाटेतील नाक्यांवर कापला जाऊ शकतो. ‘घरपोच’ या आश्वासनाचीही आपल्या जिल्ह्यात नीट फोड करून घ्यावी : सहा-आठ मोटारी वाहणारा लांब ट्रक नवापूरवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने येईल, फार तर नंदुरबार शहरापर्यंत, चांदसैलीचा घाट चढून तो धडगावला यावा ही अपेक्षा व्यर्थ आहे. रेल्वेचे म्हणाल तर पार्सल कार्यालय दुचाकी घेते, मोटार सहसा घेत नाही. रुळांवरून ज्या मोटारी जाताना दिसतात त्या बहुतांशी कारखानदारांच्या, संबंध गाडी आरक्षित करून पाठविलेल्या असतात.

राहिला प्रश्न मोटारीच्या प्रकृतीचा. दत्तजयंतीस सारंगखेड्याच्या यात्रेत दूरदूरच्या प्रांतांतून आलेला घोडा घेताना आपला जाणता माणूस त्याचे दात पाहिल्याशिवाय आणि त्याला चालवून पाहिल्याशिवाय बोली करीत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र तोच माणूस चकचकीत छायाचित्रावर भाळून इसार धाडतो, याचे मला वाईट वाटते. सारंगखेडा आणि प्रकाशे यांवरून वाहत जाणारी आपली तापी पुढे उकाईच्या धरणात येते, आणि ऑगस्ट 2006 मध्ये त्या धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहर बुडाले होते, हे या खोऱ्यात विसरण्याजोगे नाही. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी जो जलप्रलय झाला तोही सर्वश्रुत आहे. पुरात बुडालेली मोटार धुऊनपुसून बाजारात येते. तिचे इंजिन चालते, पण विजेच्या तारा काही महिन्यांनी दगा देतात. आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, आसनाखालील रूळ आणि जादा चाकाखालचा खळगा पाहावा : गाळ आणि गंज तेथे हमखास राहतात. मीटरवरील आकडा मागे फिरविणे हे हल्ली संगणकाने सहज साधते, म्हणून कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रातील जुन्या नोंदी चासी क्रमांकावरून काढून तारखा आणि आकडे ताडून पाहावेत. गुजरातेतील मोटारीत सीएनजीची टाकी नंतर बसविलेली असल्यास तिचा उल्लेख नोंदणीपुस्तकात आहे की नाही आणि टाकीची तीन वर्षांनी करावयाची दाबचाचणी झाली आहे की नाही, हे पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

दिल्लीची मोटार स्वस्त असते म्हणून ती चोरीची असावी, असाही एक समज आहे. तिच्या स्वस्ताईचे कारण बहुधा निराळे असते : दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर राजधानीच्या क्षेत्रात निर्बंध आले, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस दुजोरा दिला, आणि मुदत जवळ आलेल्या मोटारी बाहेर विकण्याकडे तेथील मालकांचा कल झाला. ती स्वस्ताई खरी. पण खासगी मोटारीची नोंद सर्वत्रच पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी, पुनर्नोंदणी शुल्क आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर असतो. चौदा वर्षांची मोटार कमी किमतीत घेणाऱ्याने हा पुढचा खर्च किमतीतच मिळवून पाहावा. चोरीचा संशय असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांकाची शहानिशा होते.

एक विनंती विकणाऱ्यांनाही आहे, कारण आपल्या जिल्ह्यातील मोटारीही सुरत-बडोद्याकडे जातच असतात. हस्तांतरणाची खबर आपल्या कार्यालयास स्वतः द्या, पोच जपून ठेवा, आणि समोरच्या राज्यात नवे नाव चढल्याची नोंद परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीवर आपल्या डोळ्यांनी पाहीपर्यंत त्या मोटारीची कागदपत्रे फाडू नका.